फुलाचा पत्ता

जोसेफ हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या चौथ्या खंडात १८८३ साली एका फुलाला नाव मिळालं: सेरोपेजिया लॉई. वर्णन जसं असायला हवं तसं आहे. खोड, पानं, पाकळ्या, सगळं शिस्तीत. पण ते फूल उगवतं कुठे, या प्रश्नाला दिलेलं उत्तर म्हणजे प्रांताचं नाव तेवढं: कोकण. आणि गोळा करणाऱ्याचं आडनाव: लॉ. हा लॉ म्हणजे जे. एस. लॉ, मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतला साहेब. फावल्या वेळात झाडं वाळवून कागदावर चिकटवायची, ही त्या काळच्या साहेबांत बऱ्यापैकी पसरलेली सवय त्यालाही होती.

आता 'कोकण' हा काय पत्ता झाला? त्या काळच्या हिशेबात कोकण म्हणजे दमणगंगेपासून तेरेखोलपर्यंतचा सगळा पट्टा. त्यात सावंतवाडी येते, रत्नागिरी येते, मुंबई येते, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मधली आमची चिखलोलीसुद्धा येते. एखाद्याला 'मुंबईतल्या जोशांकडे जाऊन या' असं सांगण्यासारखंच हे. परिणाम व्हायचा तोच झाला. लॉच्या कागदावरचं फूल पुढे कितीतरी वर्षं कुणाला दिसलं नाही. ते नामशेष झालं असावं, असं तज्ज्ञ मानू लागले.

सापडलं ते १९७०च्या आसपास, हरिश्चंद्रगडावर. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रातले एम. वाय. अन्सारी आणि बी. जी. कुलकर्णी यांनी ते पुन्हा नोंदवलं. गडावर म्हणजे घाटमाथ्यावर. खाली मुरबाडचं कोकण आणि वर देश, यांच्यामध्ये जो कोकणकडा उभा आहे, त्याच मुलखात. म्हणजे जुन्या पुस्तकांच्या विभागणीत हे ठिकाण कोकणात धरायचं की दख्खनेत, यावर वाद घालता येईल. ऐंशीहून अधिक वर्षं जे हरवलं होतं ते फूल नव्हतं, हे मात्र उघड आहे. फूल आपल्या जागी दर पावसाळ्यात येत होतं. गुरं राखणारी पोरं त्याच्या शेजारून जात होती. हरवला होता तो पत्ता.

दुर्मीळ फुलांच्या इतिहासात 'शोध' आणि 'पुनर्शोध' हे शब्द फार सैल हाताने वापरले जातात, असं मला नेहमी वाटत आलंय. फूल ओळखणं ही एक गोष्ट आणि त्याची जागा ओळखणं ही दुसरी. पहिलीची मानचिन्हं लॅटिन नावांत कोरलेली असतात. दुसरी बहुतेक वेळा कुणीतरी बिनबोभाट केलेली असते आणि पुढच्या पिढीला खरा उपयोग होतो तो तिचाच.

सेरोपेजियाचंच बघू. मराठीत यांना कंदीलपुष्प म्हणायची पद्धत आता रुळली आहे; गावोगावी खरपुडी आणि तसली नावं आहेत. फुलाचा आकार खरंच कंदिलासारखा. खाली फुगीर, मधे निमुळती नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून झालेली जाळी. आत शिरलेल्या बारीक माशीला नळीतले खाली वळलेले केस बाहेर येऊ देत नाहीत. ती आत धडपडते, परागकणांच्या पुंजक्या अंगाला चिकटवून घेते, आणि फूल कोमेजायला लागलं की केसही लुळे पडतात. मग माशी सुटते आणि शहाणपण न शिकता पुढच्या कंदिलात जाते. महाराष्ट्रात या प्रजातीच्या बऱ्याच जाती आहेत. काही वेली, काही लॉईसारख्या ताठ उभ्या. काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरापलीकडे कुठेच नाहीत.

पण हा कंदील लागतो तो पावसाळ्यातले मोजके आठवडे. एरवी ते गवतातलं गवत. दिवाळीनंतर तर जमिनीवर काहीच उरत नाही; खाली कंद असतो, तो रानडुकरांना, साळिंदरांना आणि माणसांनाही आवडतो. म्हणून फूल नसताना जो माणूस कंदीलपुष्प शोधतो तो झाड शोधतच नाही, जागा शोधतो. कड्याच्या ओठावरचा गवताळ उतार आहे का, माती वीतभर आहे की त्याहून कमी, पाणी थांबतं की निथळतं, धुकं कुठून वर चढतं, वणवा इथवर पोचतो का. हे जमलं की मग ऑगस्टमध्ये तिथे पुन्हा जायचं. ओळख पटवण्याचं निम्मं काम फुलाचा पत्ताच नसताना झालेलं असतं. अन्सारींनी १९८४ साली या प्रजातीच्या भारतीय जातींवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. कागदावरच्या मोघम पत्त्यांना डोंगरांची नावं मिळण्याच्या कामी त्या पिढीचे पाय किती झिजले असतील याचा अंदाज घाटवाटा चढलेल्या कुणालाही येईल.

मुळात पत्ते एवढे मोघम का? या प्रश्नाचं उत्तर ज्याच्यापासून सुरू करायचं तो माणूस टपालखात्यातला होता, ही गंमत मला सोडवत नाही. जॉन ग्रॅहम हा मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्यानं तयार केलेली यादी १८३९ साली छापली गेली, आणि ती छापून पूर्ण व्हायच्या आत, त्याच वर्षी, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आतबाहेर तो खंडाळ्याला वारला. उरलेलं काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो यानं हातावेगळं केलं. या निम्मोचं नाव आपल्याकडच्या एका झाडाला आहे: एरिनोकार्पस निम्मोनी, म्हणजे चौर किंवा जंगली भेंडी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मोठाल्या पानांवर पिवळी फुलं आणि मग केसाळ, काटेरी फळं. सह्याद्रीच्या पट्ट्याबाहेर हे झाड जगात कुठे नाही, आणि त्याच्या प्रजातीत ते एकटंच आहे.

ग्रॅहमची पिढी झाडं मोजत होती. कुठली झाडं या मुलखात आहेत, याची निदान यादी तरी हवी, ही त्यांची निकड. नेमकी कुठल्या उतारावर, हा प्रश्न नंतरचा. शिवाय गोळा करणारे सगळे हौशी. कुणी कस्टममध्ये, कुणी न्यायखात्यात, कुणी लष्करी डॉक्टर. दौऱ्यावर निघालेला साहेब मुक्कामाच्या आसपास जे दिसेल ते वेचायचा, किंवा खरं म्हणजे वेचून घ्यायचा, आणि महिन्याभराने चिठ्ठी लिहायला बसायचा.

अलेक्झांडर गिब्सन हा त्यातल्या त्यात धंदेवाईक. पेशानं डॉक्टर, पुण्याजवळच्या दापुरीच्या सरकारी बागेचा प्रमुख, आणि पुढे १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. त्यानं दापुरीच्या बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. पावणेदोनशेच्या आसपास चित्रं आहेत ती, आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानाच्या संग्रहात. हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर पुस्तक केलं. चित्रं पाहिली की हात किती तयारीचा होता ते कळतं. पण हात कुणाचा? पोर्तुगीज-भारतीय चित्रकार, एवढंच कागदपत्रांत आहे. नाव नाही. पान, फूल, बी यांतलं एकही न चुकवणाऱ्या माणसाचं नाव लिहून ठेवणं कुणालाच जरूर वाटलं नाही.

गिब्सनच्या मागून वनसंरक्षक झाला तो निकोल डाल्झेल. तोही आधी कस्टम खात्यातला. दोघांनी मिळून १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' काढला. त्यानंतर या प्रांतातल्या झाडांना पहिल्यांदा एक सलग, जाणकाराने लिहिलेलं पुस्तक मिळालं. डाल्झेलकडे आपण पुन्हा येऊच.

मधे रेल्वे आली. १८५४ साली कल्याणपर्यंत, आणि १८५६ साली तिथून बदलापूर, नेरळवरून खोपोलीच्या दिशेनं. १८६३ला बोरघाट सुटला. अंबरनाथजवळ काकोळ्याचा तलाव आहे, त्याला लोक अजून 'जीआयपी टँक' म्हणतात. गाड्यांच्या पाण्यासाठी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधलेला. वनस्पतिशास्त्राच्या आपल्या इतिहासात या रुळांचा हात केवढा आहे याची चर्चा फारशी होत नाही. जुन्या नोंदींतल्या ठिकाणांची नावं वाचत गेलं तर कधीकधी आपण गाड्यांचं वेळापत्रक वाचतोय की काय असं वाटतं: खंडाळा, लोणावळा, माथेरान, पुन्हा खंडाळा. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं साहेबलोकांच्या नकाशावर आणलं. नेरळ स्टेशन झाल्यावर तिथे जाणं सोपं झालं. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बर्डवुड उन्हाळ्याच्या सुट्टीत माथेरान-महाबळेश्वरच्या झाडांची यादी करत. हवा थंड, बंगला राहायला, हमाल हाताशी. अशा ठिकाणची यादी दाट होणारच.

आणि मधली गावं? गाडी चिखलोलीवरून जात होती. इथे भाताची खाचरं, नावातच चिखल. पलीकडे मलंगगड आणि टवळीच्या डोंगरांची रांग, पायथ्याला कातळाचे माळ. पावसाळ्यात त्या माळांवर पाण्याचे डबके साचतात आणि त्यांच्या काठाने निळसर-जांभळी सीतेची आसवं, दवबिंदू, कवला, तेरडा असं काय काय येतं. पण डब्यातून बाहेर बघणाऱ्याला पुढचं स्टेशन नेरळ, तिथून थंड हवा. खंडाळ्याच्या मानाने कल्याण ते बदलापूरच्या पट्ट्यातल्या नोंदी विरळ आहेत, याचा अर्थ इथे काही नव्हतं असा काढणं धाडसाचं ठरेल. इथे कुणी उतरलं नाही, एवढाच अर्थ मी काढतो.

रेल्वेशी असलेलं नातं इथेच संपत नाही. थिओडोर कुक, ज्याचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' आजही टेबलावर उघडून बसावा लागतो, तो मुळात रेल्वेचा इंजिनियर. १८६०च्या सुमाराला हा आयरिश गृहस्थ बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या नोकरीत आला, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल त्यानं बांधला, आणि मग पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचा (पुढचं कॉलेज ऑफ सायन्स) प्राचार्य झाला. फुलांचा नाद तिथे वाढला. निवृत्तीनंतर क्यूच्या उद्यानात बसून त्यानं १९०१ ते १९०८ या काळात ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध केला. पूल बांधणाऱ्याची शिस्त पानोपानी दिसते. प्रत्येक जातीखाली प्रांतांची ठरलेली विभागणी, सिंध, गुजरात, खानदेश, कोकण, दख्खन, दक्षिण मराठा मुलूख, कानडा. त्यात ठिकाण, आणि ठिकाणापुढे गोळा करणाऱ्याचं नाव. नावापुढे उद्गारचिन्ह असेल तर समजायचं की तो वाळवलेला नमुना कुकनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

त्या उद्गारचिन्हांच्या मागे जी नावं आहेत ती वाचताना मला सगळ्यात जास्त थबकायला होतं. स्टॉक्स, डाल्झेल, वुड्रो, गॅमी. आणि मधेच: कानिटकर! भिवा! भिडे! गरदे! आडनावं कळतात. पण भिवा? पुढे ना आडनाव, ना गाव, ना हुद्दा. कोकणात, घाटात, दख्खनेत फिरून ज्या माणसानं शेकडो झाडांचे नमुने आणले, त्याला ग्रंथात दोन अक्षरं आणि एक उद्गारचिन्ह मिळालं. दापुरीच्या चित्रकारापेक्षा तो एका पायरीने वर, असं म्हणायचं.

रानड्यांचं नशीब जरा बरं. एन. बी. रानडे हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या वनस्पतिसंग्रहाचे रखवालदार, आजच्या भाषेत हर्बेरियम कीपर. आंबा घाटात त्यांना एक मुद्रेच्या कुळातलं झुडूप मिळालं. घंटेसारखं लोंबतं फूल, नारिंगी-पिवळ्या पाकळ्या, त्यांवर तांबड्या शिरा. वुड्रो आणि स्टाफ यांनी १८९४ साली क्यूच्या पत्रिकेत त्याचं नाव ठेवलं अ‍ॅब्युटिलॉन रानडेई. आपल्याकडे आता त्याला सोनघंटा म्हणतात. लॅटिनमध्ये गेलेलं हे मराठी आडनाव मिरवण्यासारखं आहेच, पण मला त्या नोंदीत अधिक मोलाचं वाटतं ते 'आंबा घाट'. कोकण नव्हे, दख्खन नव्हे, एक घाट. चढायला लागलं तर दिवसभरात पुरता धुंडाळता येईल एवढी जागा. सोनघंटाही अतिशय विरळ, पण पुढच्या पिढ्यांना ती शोधायला कुठे जायचं हे ठाऊक होतं. पायी जाऊन झाड वेचणाऱ्याला वाट आठवते. त्याच्याकडून नमुना घेऊन महिन्याभरानं चिठ्ठी लिहिणाऱ्याला प्रांत आठवतो.

आता डाल्झेल. १८६५च्या सुमाराला त्यानं लंडनच्या लिनियन सोसायटीच्या पत्रिकेत एका विचित्र झाडाची नवी प्रजाती मांडली. ठिकाण जुन्नरजवळचं, इंग्रजी कागदांत 'हेवरा' असं लिहिलेलं गाव, जिथे गिब्सनची औषधी झाडांची बाग होती. माकडशिंगीच्या गोतावळ्यातलं, जाड रसाळ खोडाचं हे झाड. पण या गोतावळ्यातली बाकीची मंडळी जवळपास बिनपानांची, आणि हिला पावसाळ्यात चांगली मांसल पानं. उन्हाळा आला की ती गाळून टाकायची आणि खोडावर दिवस काढायचे. फूल पाच कोनांच्या ताऱ्यासारखं, गडद तांबडं, त्यावर पिवळे ठिपके. लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात. 'शिंदळ' हा शब्द घरात मोठ्यानं उच्चारायचा नाही अशी आमच्या पिढीला शिकवण होती. फुलाला तो का चिकटला असावा याचा माझा अंदाज असा, की माकुडीच्या जातीची असून पानं मिरवते, म्हणजे कुळाची रीत सोडलेली.

डाल्झेलनं तिला नाव दिलं फ्रेरिया इंडिका, मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून. फ्रियर साहेबांनी मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडून शहर मोकळं केलं. त्यांच्या नावाचं हे झाड नेमकं किल्ल्यांच्या कड्यांवर राहतं. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड, शिवाय रंध्याच्या धबधब्यासारखी काही ठिकाणं. मुंबईतला फ्रियर रोड केव्हाच पी. डी'मेलो मार्ग झाला. फुलावरचं नाव मात्र जाता जात नाही. शास्त्रज्ञांनी फ्रेरिया ही वेगळी प्रजाती नकोच म्हणून १९५८ साली तिला कॅरालुमात घातलं, तेव्हा गेलं ते 'इंडिका'. कॅरालुमा फ्रेराय. मग बुसेरोसिया फ्रेराय. २०१७ मध्ये तर काही संशोधकांनी या सगळ्या गोतावळ्यालाच सेरोपेजियात सामावून घेतलं, म्हणजे शिंदळ माकुडी आणि कंदीलपुष्पं एकाच छताखाली.

१९८०च्या दशकात आययूसीएनने जगातल्या अति धोक्यातल्या मोजक्या वनस्पतींमध्ये हिची गणना केली आणि महाराष्ट्रात तिचं नाव झालं. पण खरी गोम इथे आहे. शिंदळ माकुडी लावायला अतिशय सोपी आहे. खोडाचा बोटभर तुकडा कोरडा करून वाळूमातीत खोचला की रुजतो. युरोप-अमेरिकेतल्या निवडुंगप्रेमींच्या खिडक्यांत ती वर्षानुवर्षं सुखाने फुलते आहे, रोपवाटिकांत विकत मिळते. म्हणजे झाड म्हणून ती संपेल अशी भीती बाळगायचं कारण नाही. तरीही ती दुर्मीळ आहे. दुर्मीळ आहे ती उभ्या कातळातली भेग, जिथे तिचं बी पडून, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या दिवसांच्या ओलाव्यावर रुजतं, जिथे तिच्या परागणाची माशी येते, आणि जिथे शेळीचं तोंड पोचत नाही. कुंडीतली माकुडी आणि कड्यावरची माकुडी यांचं लॅटिन नाव एकच. मला विचाराल तर ते दोन वेगळ्या गोष्टींना दिलेलं एक नाव आहे.

जागेची ही गोष्ट आपल्या सरकारी दफ्तरातही लिहिलेली आहे, फक्त वेगळ्या शब्दांत. ज्या दशकांत साहेबलोक झाडं वाळवत होते त्याच दशकांत त्यांचे सहकारी जमिनी मोजत होते. १८३५ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेली मोजणीची पद्धत पुढे इलाखाभर गेली. सारा पिकावर; म्हणून जिथे पीक येत नाही ती जमीन आकारणीतून वगळायची. ती झाली 'पोटखराबा'. ठाण्याच्या बाजूला आणखी एक वर्ग, 'वरकस': भाताच्या खाचरांच्या वरची, नाचणी-वरीची, गवताची आणि राबाला फांद्या तोडायची उताराची जमीन. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे वर्ग अन्यायाचे नव्हते, उलट खराब्यावर सारा नाही ही सवलतच होती. पण कातळाचा माळ, कड्याचा ओठ, डोंगराचा निथळता उतार, म्हणजे वर ज्या ज्या जागांची नावं घेतली त्या सगळ्या, सातबाऱ्यावर त्या दिवसापासून 'खराबा' आहेत.

एकाच मुलखाचे असे दोन कागद आपल्याकडे आहेत. क्यूमध्ये, पुण्यात, मुंबईच्या झेवियर कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जे कागद आहेत त्यांवर फूल आहे, पण गट नंबर नाही. तलाठ्याकडच्या कागदावर गट नंबर, क्षेत्र, आकार सगळं आहे, तिथे फूल नाही. जमीन जेव्हा विकायला, खणायला किंवा एनए करायला निघते तेव्हा टेबलावर येतो तो दुसराच कागद. त्यात लिहिलेलं असतं की इथे काही नाही.

चिखलोली आता ज्या वेगानं बदलते आहे ते पाहता हा कागदांचा मामला केवळ इतिहासाचा राहात नाही. एका बाजूला अंबरनाथची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूने बदलापूर चढत येतंय, मधे चिखलोलीचं धरण, आणि इथे लोकलचं नवं स्टेशन. स्टेशन हवंच आहे. अंबरनाथच्या पुलावरची सकाळची गर्दी पाहिलेला कुणी नको म्हणणार नाही. दीडशे वर्षं गाडी ज्या गावावरून न थांबता गेली तिथे ती थांबेल. फक्त आधी उतरतील ते इमारतींचे नकाशे घेऊन, आणि खडी लागेल ती याच डोंगरांतून निघेल. कातळाच्या माळावर काय काय उगवतं याची नोंद कुणी करायची तर ती त्या आधीच्या पावसाळ्यांत.

नोंद करणाऱ्यांपुढे आज एक वेगळाच पेच आहे. ग्रॅहमच्या काळी पत्ता कमी पडत होता. आता तो जास्त होतो. मोबाइलनं काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप बसतात. दुर्मीळ कंदीलपुष्पाचा असा फोटो एकदा फिरला की पुढच्या रविवारी तिथे पाचपन्नास माणसं गुडघ्यांवर बसून गवत तुडवत असतात, आणि एखादा कंद उकरून नेणाराही निघतो. कासच्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यानंतर तिथे कुंपण, तिकीट, संख्येची मर्यादा हे सगळं करावं लागलं. म्हणून जाणकार आता जागा सांगत नाहीत. 'उत्तर सह्याद्री, घाटमाथा' एवढंच लिहितात. फिरून पुन्हा 'कोकण, लॉ'! पण या दोन मोघमपणांत फरक आहे. लॉच्या वेळी नेमका पत्ता कुठेच लिहिलेला नव्हता. आता तो लिहिलेला असावा आणि मोजक्या हातांत असावा, असा प्रयत्न असतो. त्या मोजक्या हातांत तालुक्याचं नियोजन करणाऱ्यांचा हात असावा की नसावा, यावर माझ्या ओळखीच्या निसर्गप्रेमींत कडाक्याची भांडणं होतात. माझं मत असावा असं आहे. कंद उकरणारा दहा झाडं नेतो, जेसीबी अख्खा माळ नेतो.

पत्ता जपण्याची आणखी एक रीत मात्र इथे फार जुनी आहे. जूनच्या पहिल्या सरी पडल्या की बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात ठाकूर, कातकरी बाया शेवळं घेऊन बसतात. शेवळ म्हणजे अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटेटस. सुरणाच्या गोतातलं, पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर न आढळणारं झाड. बाजारात येतो तो त्याचा न उमललेला फुलोरा. पान त्यानंतर फुटतं, त्याला लोत म्हणतात, त्याचीही भाजी होते. घशाला खाज सुटू नये म्हणून सोबत काकडं घ्यायची, वाटा बायाच करून देतात. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सुरणाच्या या जाती एकमेकींपासून वेगळ्या काढताना मुलांची तारांबळ उडते. या बाया ते पाटी भरता भरता करतात, तेही फुलोरा जमिनीतून वीतभर वर आलेला असताना, पान नसताना. उमललेलं शेवळ भाजीला चालत नाही, म्हणून ते त्या तिथेच सोडून देतात, आणि त्याला बी धरतं.

गेल्या वर्षी बाजारात एका म्हाताऱ्या बाईला मी विचारलं, "मावशे, कुठून आणली गं?"

"डोंगरातून," ती म्हणाली, आणि काकडं मोजायला लागली.

कुठल्या डोंगरातून, असं मी पुन्हा विचारलं. तिनं माझ्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. "वाटे किती देऊ?"